‘नाही’ म्हणणाऱ्याने कारण लिहावं

(नाशिक येथे युवक-युवतींच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचा विषय ‘भेदभावविरोधी कायदे आणि संस्था’ असा छापला आहे. पण चहाच्या सुट्टीत तुमच्यापैकी काहीजण जे बोलले, त्यातून मला खरा विषय कळला. कुणाला मुलाखत चांगली होऊनही परत फोन आला नाही. कुणाला फ्लॅट पसंत पडला, टोकनची बोलणी झाली आणि आडनाव सांगितल्यावर ‘मालकांना विचारून कळवतो’ असं उत्तर मिळालं. एका मुलीने मात्र वेगळंच विचारलं. म्हणाली, “मॅडम, आमच्या जमातीच्या बैठकीत बायकांना बसू देत नाहीत, त्याचं काय?” शेवटी सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न होता : कायद्याने माणसांची मनं बदलतात का?

मी नाशिकच्या कोर्टात वकिली करते. माझं उत्तर असं आहे की कायदा मनाची वाट बघत बसत नाही. तो वहिवाट बदलतो. संस्था मनावर चालत नाहीत, त्या वहिवाटीवर चालतात. ‘आमच्याकडे असंच असतं’ हे वाक्य शाळेत, कारखान्यात, सोसायटीत, देवळात, दर्ग्यात, सगळीकडे ऐकू येतं. भेदभावविरोधी कायदा या वाक्यापुढे एक प्रश्न ठेवतो : ‘असंच का? लिहून द्या.’ कारण लिहून द्यायची वेळ आली की संस्था हलायला लागते. आज मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. पण ते नीट समजण्यासाठी आधी आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन गोष्टी समोर ठेवते. एक महाडची, दुसरी इथली, नाशिकची.

महाडची गोष्ट अशी. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं झालं होतं. पण तळ्यावर कुणी गेलं नाही, कारण जाऊ दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्यानंतर काय झालं? परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेच्या तोंडावर कोर्टाचा मनाईहुकूम आला. त्या परिषदेला मंडप घालायला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लीम गृहस्थाने आपली जागा दिली, हेही तुम्ही लक्षात ठेवा. पुढे दहा वर्षं कोर्टात वाद चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला.

आता नाशिक. गोदावरीपलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी तिथे सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनकौशल्यावर हा लढा थांबत-चालत जवळपास पाच वर्षं चालला. माणसं तुरुंगात गेली, दगड खाल्ले. मंदिराचे दरवाजे बंद राहिले. महाडला निदान एक ठराव हातात होता. इथे तोही नव्हता. मंदिर खासगी की सार्वजनिक, प्रथा मोठी की माणूस, यावर विश्वस्तांना जाब विचारणारा कायदाच नव्हता. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवायला सांगितलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९४७ साली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा. महाडला कागद होता, पण माणसं जाईपर्यंत तो निजलेला राहिला. नाशिकला माणसं होती, पण कागद नव्हता, म्हणून दार उघडलं नाही. संस्था बदलायला दोन्ही लागतात. कायदा आहे म्हणून घरी बसून राहणाऱ्याला काही मिळत नाही आणि नुसत्या मोर्चाने वहिवाट मोडत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. १९४७ च्या कायद्याच्या जागी १९५६ मध्ये नवा कायदा आला. सार्वजनिक हिंदू प्रार्थनास्थळं हिंदूंच्या सर्व वर्गांना आणि गटांना खुली राहतील, प्रथा काहीही असली तरी, असं त्यात आहे. तो करताना डोळ्यापुढे जात होती. साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी याच कायद्याचा आधार घेऊन शनिशिंगणापूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. १ एप्रिलला सरकारने कोर्टात सांगितलं की कायद्याची अंमलबजावणी करू. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांना खुला झाला. जातीसाठी केलेला कायदा बायकांच्या उपयोगी पडला. तेव्हा आपल्याला ज्या कायद्यात आपलं नाव दिसत नाही, तोही नीट वाचायची सवय लावून घ्या.

तुम्ही म्हणाल, ही सगळी देवळांची उदाहरणं झाली. मग आपल्या दारात येऊ या.

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात बायका पूर्वी मजारीपर्यंत जात होत्या. मग विश्वस्तांनी ते बंद केलं. भारतीय मुस्लीम महिला आंदोलनाच्या डॉ. नूरजहाँ साफिया नियाज आणि झाकिया सोमण यांनी २०१४ मध्ये याचिका केली. ट्रस्टचं म्हणणं होतं की राज्यघटनेच्या कलम २६ प्रमाणे आमचा कारभार आम्ही ठरवू. न्यायालयाने विचारलं : बायकांना आत न येऊ देणं हा इस्लामचा आवश्यक भाग आहे हे दाखवा. ते ट्रस्टला दाखवता आलं नाही. आधी बायका जात होत्या, हे तर उघडच होतं. २६ ऑगस्ट २०१६ ला उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबरमध्ये तिथे स्वतःच सांगितलं की आम्ही प्रवेश देतो, व्यवस्थेसाठी थोडा वेळ द्या. २९ नोव्हेंबरला बायका आत गेल्या.

यात विश्वस्तांची मनं किती बदलली, मला माहीत नाही आणि त्याचा शोध घ्यायची गरजही वाटत नाही. त्यांना कारण विचारलं गेलं, कारण टिकलं नाही, मग त्यांनी रांगेची, वाटेची व्यवस्था केली. संस्थेतला बदल असाच दिसतो. आज तिथे आईसोबत जाणाऱ्या लहान मुलीच्या दृष्टीने आईने आत जाणं ही वहिवाट आहे. मन बदलायचं काम त्या मुलीच्या पिढीत होईल.

दुसरं उदाहरण वाळीत टाकण्याचं. याचा नाशिकशी जवळचा संबंध आहे. २०१३ मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा तिच्या वडिलांनीच खून केला. त्यामागे जातपंचायतीचा दबाव पुढे आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम उघडली. डॉ. नरेंद्र दाभोलकर ऑगस्टमध्ये या मोहिमेच्या परिषदेला नाशिकला आले होते. त्याच महिन्यात, २० तारखेला, पुण्यात त्यांचा खून झाला. मोहीम मात्र थांबली नाही. गावोगावची वाळीत टाकलेली कुटुंबं पुढे येऊ लागली. एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक मंजूर झालं आणि जुलै २०१७ पासून कायदा लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

हा कायदा एका धर्मासाठी नाही. लग्नाला, मयतीला, दफनाला येऊ नका, यांच्याशी व्यवहार ठेवू नका, असा हुकूम कुणीही काढला, मग त्या मंडळाला पंचायत म्हणा, जमात म्हणा, तो गुन्हा आहे. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध असाच एक कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. विरोधातलं एक मत सरन्यायाधीश सिन्हा यांचं होतं. बोहरा समाजातल्या सुधारकांनी तो प्रश्न सोडला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. मघाशी जमातीच्या बैठकीबद्दल विचारणाऱ्या बहिणीला मी एवढंच सांगेन की तुला बैठकीत जागा मिळवून देणारं तयार कलम माझ्या खिशात नाही. पण प्रश्न विचारलास म्हणून तुझ्या घराशी संबंध तोडा असं कुणी म्हटलं, तर त्यावर कायदा आहे. प्रश्न विचारण्याची जागा कायद्याने राखली आहे.

आता नोकरीकडे येते, कारण इथे बसलेल्या बहुतेकांची काळजी तीच आहे.

सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करता येत नाही, राज्यघटनेचं कलम १६ तसं स्पष्ट सांगतं. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी यांच्याबाबत कलम १५ खासगी माणसालाही बांधून घेतं. पण खासगी कंपनीने धर्म बघून उमेदवार नाकारला, तर थेट दाद मागावी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ही मोठी फट आहे.

जिथे कायदा आहे, तिथे काय होतं बघा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले. २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, निम्म्या सदस्य बायका हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी. समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. कारखान्याच्या फाटकाशी समितीच्या सदस्यांची नावं लिहिलेला फलक तुम्ही पाहिला असेल. मालकाच्या भल्या मनातून तो फलक आलेला नाही. पण तो आला, आणि तक्रार कुठे करायची हे कामगार बाईला कळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करायला लावलं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संसर्गाच्या कारणावरून कामावरून काढायचं असेल, तर इतरांना मोठा धोका असल्याचं तज्ज्ञाचं लेखी मत द्यावं लागतं. पुन्हा तेच : कारण लिहा.

संस्था मात्र हुशार असतात. एक दार उघडावं लागलं की दुसरीकडे कडी लावतात. अमेरिकेतलं उदाहरण सांगते. तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत वंश, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायला बंदी केली. नोकरीबद्दलचा भाग २ जुलै १९६५ पासून लागू झाला. ड्यूक पॉवर नावाची वीज कंपनी काळ्या कामगारांना फक्त मजुरीच्या विभागात ठेवत असे. तिने त्याच दिवशी बाकीच्या विभागांसाठी दोन लेखी चाचण्या सक्तीच्या केल्या. नियम सर्वांना सारखा. पण वाईट शाळांत शिकायला लावलेले काळे कामगार त्यात गळणार, हे दिसत होतं. १९७१ मध्ये ग्रिग्ज खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चाचणीचा कामाशी संबंध दाखवा, नाहीतर ती चालणार नाही. हेतू चांगला होता म्हणून भागणार नाही, परिणामही बघितला जाईल.

हा विचार आपल्याकडेही पोचला आहे. २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्जचा आधार घेतला. सैन्यात कायम नेमणुकीसाठी पुरुष अधिकाऱ्यांची शारीरिक क्षमता तरुण वयात तपासली जाते. बायकांना ती संधी उशिरा मिळाली, आणि तीच कसोटी त्यांना चाळिशी उलटल्यावर लावली गेली. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. हा शब्द लक्षात ठेवा. ‘आम्ही कुणाचा धर्म विचारत नाही’ असं म्हणणाऱ्या संस्थेची भरती फक्त ओळखीतून होत असेल, तर ज्यांची आत ओळख नाही त्यांना ती जागा कधी कळतच नाही. धर्म न विचारताही गाळणी लागलेली असते.

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपल्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस केली. प्रा. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. आयोग अजून झालेला नाही. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, तेही पुढे गेलं नाही. ब्रिटनमध्ये वंशभेदाचा पहिला कायदा १९६५ चा, पण नोकरीत धर्मावरून होणाऱ्या भेदभावाला बंदी आली ती २००३ मध्ये. तोपर्यंत तिथल्या मुसलमानांना त्या कायद्याचा थेट उपयोग नव्हता. तेव्हा ही मागणी लांब पल्ल्याची आहे, हे ओळखून करा. आरक्षणाची मागणी वेगळी आणि ही वेगळी. २०१४ मध्ये राज्यात मुस्लीम मागास गटांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग राहू दिला, तरी पुढे कायदा न झाल्यामुळे तो गेला. आपली सगळी चर्चा त्याभोवतीच फिरते. आरक्षण काही जागा देतं. भेदभावविरोधी कायदा उरलेल्या सगळ्या जागांसाठी सारखी रांग मागतो.

आणि ही मागणी करताना आपली जीभ अडखळू नये, म्हणून आपलं घर आधी बघितलं पाहिजे. कंपनीने समान संधीचं धोरण लिहावं असं आपण म्हणणार, मग आपल्या ट्रस्टच्या शाळेत अंतर्गत समिती आहे का? अल्पसंख्याक संस्था असली तरी तो कायदा लागू आहे. ट्रस्टच्या घटनेत सभासद होण्याच्या अटी काय लिहिल्या आहेत? बायकांना मतदान आहे का? आपल्या शिक्षणसंस्थेत शिपायाची, शिक्षकाची जाहिरात निघते, की भाच्या-पुतण्यांत जागा संपते? आपल्यातच बिरादरी बघून खालच्या समजल्या जाणाऱ्यांना कारभारापासून लांब ठेवलं जातं, ते इस्लाममध्ये कुठे बसतं? हे प्रश्न दुश्मनांचे नाहीत. उद्या आपण सरकारपुढे उभे राहू, तेव्हा समोरचा हेच विचारेल. त्याआधी आपणच विचारलेलं बरं.

शेवटी कामाच्या चार गोष्टी.

पहिली, सगळं लेखी मागा. मुलाखतीनंतर नम्र ईमेल करा, निकाल आणि कारण विचारा. सरकारी, अनुदानित संस्था असेल तर माहिती अधिकारात गुणांची यादी मागा. उत्तर आलं नाही, तरी तुमचा अर्ज हा पुरावा असतो.

दुसरी, घर विकत घेताना. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाचं सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. नाकारलं तर कारण कळवावं लागतं आणि त्यावर दोन महिन्यांत निबंधकाकडे अपील करता येतं. म्हणून अर्ज हातोहात देऊन पोच घ्या. मर्यादाही सांगते : २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारी उपविधी मान्य केली. तेव्हा सोसायटीच्या उपविधी आधी वाचा. भाड्याच्या घरासाठी असा आधार आज नाही, तो मागावा लागेल.

तिसरी, एकट्याने लढू नका. महाडला आणि पंचवटीला एकटा माणूस गेला नव्हता. दहा-बारा जणांचा गट करा, प्रत्येकाला आलेला नकार तारखेसह एका वहीत लिहा. एका नकाराला योगायोग म्हणता येतं. वर्षभराच्या वहीला योगायोग म्हणता येत नाही. पुढे आयोगाची मागणी करताना ही वहीच तुमच्या बाजूने बोलेल.

चौथी, दुसऱ्याच्या दारावरही जा. दलित भावाला घर नाकारलं, एखाद्या दिव्यांग मुलीला वर्गापर्यंत जायला उतार नाही, बोहरा किंवा कुठल्याही कुटुंबाला वाळीत टाकलं, तर ते आपलं काम आहे. फत्तेखानांना चवदार तळ्याचं पाणी बंद नव्हतं. तरी त्यांनी जागा दिली.

पुढच्या महिन्यात तुमच्या-तुमच्या मोहल्ल्यातल्या एका संस्थेची घटना मिळवा आणि वाचून या. शाळा, ट्रस्ट, सोसायटी, पतपेढी, काहीही चालेल. आत कोण येऊ शकतं आणि कोण नाही, हे त्यात काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय चालतं, एवढंच दोन रकान्यांत मांडा. पुढची बैठक आपण त्या कागदांवर घेऊ.